‘व्हेन’ या एका शब्दाचा फळा : कळव्यातल्या आठवीच्या वर्गासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

२८ जून

उजळणीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. पानातल्या शिरांचे काम काय, असा साधा प्रश्न. एका मुलीने इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिले होते की पानाच्या व्हेन्स रक्त हृदयाकडे नेतात. मी काट मारली, शून्य दिले आणि पुढचा पेपर ओढला. त्यातही तेच. बेचाळीस पेपरांत अकरा जणांचे हेच उत्तर निघाले, आणि ती अकरा मुले वर्गाच्या चार कोपऱ्यांत बसतात, म्हणजे कॉपीचा प्रश्नच नाही.

मग गेल्या वर्षीची माझीच वही काढली. ‘व्हेन म्हणजे हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी’ ही व्याख्या मीच तीनदा लिहून घेतली होती. मुलांनी ती जशीच्या तशी पानाला लावली. शब्दाचा एकच अर्थ दिला, तर मुले तोच सगळीकडे वापरणार.

आमचा वर्ग सेमी इंग्रजीचा. विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. ‘शीर’ हा शब्द या मुलांच्या घरात रोज चालतो, पण वर्गात आल्यावर ‘व्हेन’ हा शब्द एकटाच, उपरा येऊन बसतो. दोघांची गाठ घालून देणारे कोणी नाही. शून्ये खोडली. ऑगस्टअखेर विज्ञान मंडळाचे प्रदर्शन आहे. त्यात या एका शब्दाचा हात लावून बघता येईल असा फळा करायचा ठरवले. दुसऱ्या कोणाला करायचा असेल तर उपयोग होईल, म्हणून या नोंदी. चुका आणि खर्च यांसकट.

१ जुलै

मधल्या सुट्टीत संस्कृतच्या बाईंबरोबर बसून यादी केली. हातापायाची व्हेन. पानाची. चतुराच्या पंखाची. संगमरवराची. खाणीतली, सोन्याची किंवा तांब्याची. शिवाय बोलण्यातली, म्हणजे ‘इन द सेम व्हेन’ वगैरे. मूळ लॅटिन शब्द वेना, फ्रेंचमधून इंग्रजीत आला. लॅटिनमध्येही तो रक्तवाहिनी, जमिनीतला पाण्याचा झरा आणि धातूची रेघ या तिन्ही गोष्टींना लावत.

संध्याकाळी आईला हे सांगितले. आई मूळची मुरबाडकडची. ती म्हणाली, “त्यात काय, आमच्याकडे विहीर खणताना पण शीर लागली असंच म्हणायचे. शीर लागली की गूळ वाटायचे.” मी थांबलेच. लॅटिनवाल्यांनी जे केले, तेच आमच्या गावच्या लोकांनी आपापले केले होते: अंगातली शीर जमिनीत पाहिली. फळ्याची पहिली चिठ्ठी ही विहिरीची करायची, इथेच ठरले.

३ जुलै

पिंपळाच्या पानाची जाळी करायला घेतली. दोन पद्धती एकाच वेळी लावल्या.

पहिली, धुण्याच्या सोड्यात पाने उकळायची. लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे सोडा. घरचे जुने पातेले घेतले आणि इथेच मोठी चूक झाली. पातेले ॲल्युमिनियमचे होते. सोडा पडताच बारीक बुडबुडे येऊ लागले, वीस मिनिटांत पातेले आतून काळे पडले आणि पाने राखी रंगाच्या लगद्यात बरबटली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे आधी आठवायला हवे होते. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो. पातेले आईचे, तिच्या माहेरचे. नवे ३४० रुपयांना आणून दिले, पण ते माहेरचे नव्हे.

स्टीलच्या पातेल्यात पुन्हा केले. दीड तास मंद आचेवर. कोवळी तांबूस पाने विरघळूनच गेली. जून, गडद हिरवी, हाताला चामड्यासारखी लागणारी पानेच घ्यायची. गार झाल्यावर बशीत पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने हलकेच गर काढायचा. घासायचे नाही, टिपत टिपत मारायचे. बारापैकी चार पाने शाबूत राहिली. हातमोजे घालावेत, सोड्याने माझी बोटे दोन दिवस सालटली. मुलांना या कामात घेऊ नये.

दुसरी पद्धत आजीच्या काळची. बादलीत पाणी भरून पाने बुडवली, वर विटेचा तुकडा ठेवला आणि बादली शाळेच्या मागच्या पत्र्याखाली सरकवली. बघू या.

७ जुलै

समांतर शिरांसाठी केळीचे पान आणले होते, पण ते दोन दिवसांत काळे पडून फाटले. उपाय रस्त्यावर सापडला. कळवा स्टेशनबाहेर भुट्टेवाला कणसे सोलून साली टोपलीत टाकतो. मक्याच्या कणसाची साल म्हणजे पानच. तिच्यावरच्या समांतर शिरा नखाने मोजता येतात, वाळल्यावरही जात नाहीत आणि पैसे पडत नाहीत. त्याने पिशवी भरून दिली.

एक जाळीदार पान आणि एक कणसाची साल शेजारी शेजारी ठेवली की शिराविन्यासाचे दोन्ही प्रकार झाले. त्यावर जास्त काही लिहायची गरज वाटत नाही.

१० जुलै

आज फळ्याचा मजकूर लिहिला आणि दोनदा फाडला.

पहिल्या मसुद्यात ‘अशुद्ध रक्त वाहते ती नीला’ असे लिहिले होते. आम्ही लहानपणी हेच शिकलो. पण फुफ्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या वाहिन्या ऑक्सिजन भरलेले रक्त आणतात, तरी त्यांना व्हेनच म्हणतात. म्हणजे रक्त कसले आहे यावर नाव ठरत नाही, दिशेवर ठरते. हृदयाकडे येते ती नीला, हृदयाकडून जाते ती रोहिणी. ‘अशुद्ध’ शब्दही काढला. मुले त्याचा अर्थ घाण असा घेतात, आणि मग पाळी, जखम, रक्तदान सगळ्याबद्दल डोक्यात काहीतरी भलतेच बसते.

दुसरा घोळ आपल्याच शब्दांचा. एका पुस्तकात नीला आणि रोहिणी, दुसऱ्यात शिरा आणि धमनी, दवाखान्यात नस. मुलांना वाटते पाच वेगवेगळ्या वस्तू आहेत. एका ओळीत लिहिले: नीला, शिरा, व्हेन एकच. खाली रोहिणी, धमनी, आर्टरी एकच. एवढ्याने अर्धा वर्ग सुटतो, हे मी अनुभवाने सांगते.

१४ जुलै

शाळेजवळच्या एका दुकानात फ्लेक्स छापायला दिला. २१० रुपये. संध्याकाळी घरी येऊन उलगडला, तर वर मोठ्या अक्षरांत व्ही-ई-आय-एन ऐवजी स्पेलिंग व्ही-ए-आय-एन. म्हणजे गर्विष्ठ, किंवा व्यर्थ. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला होता, मी बसमध्ये उभ्याने पाहून ‘ठीक आहे’ कळवले होते. चूक माझी, पैसे गेले.

यातून एक चिठ्ठी मात्र वाढली. मराठीत लिहिताना चार इंग्रजी शब्द आपण एकसारखेच ‘व्हेन’ लिहितो आणि बहुतेक जण एकसारखेच उच्चारतो: शीर, गर्विष्ठ, वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा) आणि ‘केव्हा’. पहिल्या तिघांचा उच्चार इंग्रजीतही एकच. वाया गेलेल्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू कापून त्यावर चारही स्पेलिंगे मोठी लिहिली आणि शेजारी चार चित्रे काढली: हात, आरशासमोर उभा मोर, गच्चीवरचा वातकुक्कुट, घड्याळ. चित्रकलेच्या सरांनी अर्ध्या तासात काढून दिली.

१९ जुलै

हाताची शीर दाखवायची कशी, यावर चार दिवस गेले.

इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणावरचे पुस्तक छापले, त्यात बांधलेल्या हाताची प्रसिद्ध चित्रे आहेत. दंडाला पट्टी, हातावर फुगलेल्या शिरा, शिरांवर गाठी. त्या गाठी म्हणजे झडपा. हार्वे यांचे इटलीतल्या पाद्वा इथले शिक्षक फॅब्रिशियस यांनी त्या आधीच पाहून १६०३ साली त्यांवर लिहिले होते, पण त्या कशासाठी आहेत हे नीट सांगितले हार्वेंनी. हा प्रयोग करायला काही लागत नाही. एक हात आणि एक पट्टी.

आधी एका मुलाच्या दंडाला ओढणी बांधली. काहीच दिसेना. मला वाटले सैल झाली, म्हणून आवळली. हात पांढरा पडू लागला आणि शिरा फुगण्याऐवजी जास्तच बसल्या. लगेच सोडली. नंतर कळले, हेच हार्वेंनीही नोंदवले आहे. घट्ट आवळले की खोलवरच्या रोहिणीतून येणारे रक्तच थांबते, मग शिरेत भरणार काय? बेताने बांधायचे. मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे आणि वरवरच्या शिरा तेवढ्या अडल्या पाहिजेत. रक्त घ्यायला येणाऱ्या सिस्टर दंडाला रबर बांधतात, ते याच बेताचे असते.

शिवाय मुलांच्या हातावर चरबीखाली शिरा लपलेल्या असतात. मी शिपाई काकांना विचारले, “काका, हात देता का दहा मिनिटं?” ते म्हणाले, “घ्या की बाई, हातच तर आहे.” काका पंचावन्नचे, सडपातळ, तीस वर्षे बाके उचललेला हात. दंडाला ओढणी बांधून मूठ आवळायला सांगितली आणि मनगटापासून कोपरापर्यंत एक शीर दोरीसारखी उठली. तिच्यावर तीन ठिकाणी बारीक फुगवटे, बांबूच्या पेरांसारखे. मी एका बोटाने खालच्या बाजूला शीर दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने कोपराच्या दिशेने, एका पेरापलीकडे रक्त सारले. दाबलेल्या बोटापासून त्या पेरापर्यंतची शीर सपाट झाली आणि सपाटच राहिली. वरून रक्त परत उतरले नाही, पेराने अडवले. खालचे बोट उचलले, तशी ती क्षणात भरली, खालून.

मुले एवढी शांत झाली की बाहेरच्या ठाणे-वाशी लोकलचा आवाज आला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, परत करा.” चार वेळा केले. दर वेळी ओढणी मिनिटभराच्या आत सोडली. काकांना आधीच विचारून घेतले होते की रक्तदाबाची, साखरेची गोळी वगैरे चालू नाही ना. पट्टी शिक्षकानेच बांधावी, मुलांना एकमेकांवर करू देऊ नये, ही अट मी घातली आहे आणि ती सोडणार नाही.

२२ जुलै

प्रदर्शनात दोन दिवस काकांचा हात वापरणे बरोबर नाही, म्हणून झडपेचे चालते मॉडेल करायला घेतले.

फुग्याच्या रबराचे पडदे कापून पारदर्शक नळीत चिकटवले. तिन्ही गळले. फेव्हिक्विकने रबर कडक झाले, मग पडदा हलेना. दोन संध्याकाळी वाया. शेवटी मासे पाळणाऱ्या एका विद्यार्थ्याने सुचवले की मत्स्यटाकीच्या हवेच्या नळीला एक छोटा एकदिशा व्हॉल्व्ह लावतात, पाणी उलटे पंपात येऊ नये म्हणून. ठाणे स्टेशनजवळच्या मत्स्यालयाच्या दुकानात पंचवीसला एक मिळाला. चार घेतले. ते हवेसाठी केलेले असतात, पण आधी पाण्यात भिजवून दोनचार वेळा फुंकले की पाण्यासाठीही चालतात. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये मऊ नळी ठेवून ती मुठीत दाबली की पाणी वर चढते, सोडली तरी खाली येत नाही. पोटरीचे स्नायू पायांतल्या शिरांना असेच दाबून रक्त वर ढकलतात. दिवसभर एका जागी उभे राहणाऱ्यांच्या पायांवर ज्या निळसर गाठी येतात, त्यांत या झडपा नीट मिटत नाहीत आणि रक्त खाली साचते. ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हे नाव एका मुलीला आधीच माहीत होते. तिचे वडील बस कंडक्टर आहेत.

पाण्यात निळी शाई घातली, कारण पुस्तकात शिरा निळ्याच काढतात. ही दुसरी मोठी चूक.

२४ जुलै

सातवीच्या तुकडीला मॉडेल दाखवून पाहिले. बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी एकच, “शिरांतलं रक्त निळं असतं.” आपला नीला हा शब्दही तेच सुचवतो. प्रत्यक्षात शिरेतले रक्त गडद लाल असते. कातडीखालून शीर निळसर दिसते ती प्रकाशामुळे. लाल प्रकाश कातडीत खोल जातो आणि शिरेतल्या रक्तात बराच शोषला जातो, त्यामुळे आजूबाजूच्या कातडीच्या मानाने तिथून लाल उजेड कमी परत येतो आणि शीर निळसर भासते.

पाणी ओतून दिले. बीटाचे पाणी भरले, पण दुसऱ्या दिवशी ते तपकिरी होऊन वास मारू लागले. खाण्याच्या लाल रंगात किंचित चॉकलेटी रंग मिसळला, ते टिकले. शेजारी एक वाक्य: ‘रक्तपेढीच्या पिशवीतले रक्त आठवा. ते शिरेतूनच काढलेले असते.’ ज्यांच्या घरी कोणी रक्तदान केले आहे, त्या मुलांना लगेच पटले.

२६ जुलै

बादली उघडली. तेवीस दिवस झाले होते. वास असा की मावशींनी नाकाला पदर लावला. पण पाने! गर आपोआप सुटला होता, नळाखाली धरताच वाहून गेला. वीसपैकी सतरा जाळ्या अखंड. सोड्यात उकळलेल्या पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, यांना शेवटच्या टोकापर्यंत शिरा आहेत. पिंपळाच्या लांब शेपटीतही मधली शीर अगदी बारीक होत जाते. दर चार दिवसांनी पाणी बदलले असते, तर वास कमी आला असता. वेळ असेल तर सोडा विसरा, बादलीच करा. वहीच्या जुन्या पानांत दाबून दोन दिवसांत वाळतात.

३० जुलै

आता ज्या चुकीपासून हे सुरू झाले, तिच्याकडे. पानाच्या शिरेतून काय जाते, ते डोळ्यांना दिसायला हवे. कुंडीतला तेरडा मुळांसकट उपटून, मुळे धुवून लाल शाईच्या पाण्यात ठेवला. तेरड्याचे खोड अर्धपारदर्शक असते. साडेदहाला ठेवला, मधल्या सुट्टीपर्यंत खोडात लाल रेघा चढल्या, चारपर्यंत पानांच्या शिरा तांबूस. पहिल्या रोपाला काही झाले नाही, कारण उपटताना त्याची मुळे तुटून माती अडकली होती. दुसरे रोप जपून काढले.

शाईवरून मुलांना कळते की शीर पाणी वर नेते. पानात तयार झालेले अन्न उलट बाहेर जाते, त्याच शिरेतल्या वेगळ्या नळ्यांतून. हृदय कुठेच नाही. चाचणीतली ती मुलगी बराच वेळ रोपापाशी उभी होती. मी काही बोलले नाही.

२ ऑगस्ट

दगड. घोडबंदर रोडवरच्या एका लादीच्या दुकानातून संगमरवराचे तुटके तुकडे फुकट मिळाले, रिक्षाचे १२० रुपये पडले. दुकानातला माणूस पांढऱ्यावरच्या राखी रेघांना ‘लाईन’ म्हणत होता, इंग्रजी बिलावर मात्र ‘व्हेन’ छापले होते. चुनखडीचा संगमरवर होताना तिच्यातली माती आणि लोह अशा अशुद्धींच्या या रेघा होतात.

माझ्या जास्त आवडीचा दगड मात्र इथलाच. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी एका इमारतीचा पाया खणत होते, तिथून मुकादमाला विचारून एक काळा दगड आणला. त्यात बोटभर रुंदीची पांढरी शीर आडवी गेली आहे. काळा दगड बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, ज्याने महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री झाला. त्याला भेगा पडल्या, भेगांतून गरम पाणी वाहिले, पाण्यातले क्षार भेगेत साठत गेले. म्हणजे दगडातल्या शिरेतूनही एके काळी काहीतरी वाहत होतेच. प्रयोगशाळेतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला, ती फसफसली. कॅल्साईट. गारगोटी असती, तर ढिम्म राहिली असती.

सोन्याच्या खाणीतली ‘व्हेन’ही अशीच. कर्नाटकातल्या कोलारला गारगोटीच्या शिरांत सोने होते, ती खाण २००१ साली बंद झाली. त्याचा नमुना आणणे शक्य नाही, चित्रावर भागवले.

५ ऑगस्ट

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, बाजारात कोळंबी आली. इंग्रजी पाककृतींत कोळंबी ‘डीव्हेन’ करा असे लिहितात, ते फळ्यावर घ्यायचे होते. आमच्या घरी श्रावण, त्यामुळे आईने स्वयंपाकघरात कोळंबी येऊ दिली नाही. ते बरोबरच. चेंदणी कोळीवाड्यातला एक विद्यार्थी दुसऱ्या दिवशी डब्यात बर्फावर सहा कोळंब्या घेऊन आला. त्याच्या आईने पैसे घ्यायला नकार दिला.

त्याने वर्गासमोर पाठीवरून सुरी फिरवून काळी रेघ उचलली आणि म्हणाला, “बाई, ह्याला आम्ही दोरा बोलतो. ह्यात तिनं खाल्लेला चिखल असतो.” बरोबर. ती कोळंबीची आतडी आहे. इंग्रजीने तिला चुकीने व्हेन म्हटले आहे, कोळीवाड्याने बरोबर नाव दिले. पुस्तकातल्यापेक्षा आपल्या घरचा शब्द जास्त खरा असू शकतो, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर मला वाचता आले. तो वर्षभर वर्गात फारसा बोललेला नाही.

८ ऑगस्ट

याच धाग्यावर उलटी यादी केली. मराठीत शीर किंवा नस म्हणतो, पण इंग्रजीत व्हेन म्हणत नाहीत, अशी. मुलांना घरून गोळा करून आणायला सांगितले. एका रात्रीत एवढे आले की चिठ्ठ्या कमी पडल्या.

घेवड्याच्या शिरा काढणे. इंग्रजीत त्यांना दोरी म्हणतात.
शिरेवर शीर चढणे. हा स्नायूचा गोळा, शिरेचा संबंध नाही.
दाताची नस, कमरेची नस दबणे. या मज्जातंतू. इथे व्हेन म्हटले, तर डॉक्टर गोंधळतील.
धोरी नस, जी कापली की माणूस वाचत नाही. ती बहुतेकदा धमनी.
नसानसांत भिनणे. हे मात्र इंग्रजीतही शिरांतूनच वाहते.

एका मुलीच्या आजीने सांगून पाठवले की अळूवडीला पान उलटे ठेवून शिरा लाटण्याने दाबून घ्याव्या, नाहीतर वळकटी फुटते आणि घशाला खाजते. फळ्यावर अळूचे पान ठेवायचे ठरले. उलट्या बाजूने ठेवायचे, म्हणजे बोट फिरवले की शीर लागते.

बोलण्यातल्या ‘व्हेन’ला मात्र माझी पद्धत चालली नाही. ‘इन द सेम व्हेन’चे कार्ड दिले आणि मराठी करायला सांगितले, तर ‘त्याच नसेत’ अशी उत्तरे आली. शब्द समोर असला की मुले शब्दच उलटवतात. मग कार्डावर प्रसंग लिहिला: मुख्याध्यापक आधी शिस्तीवर बोलले, मग उपमुख्याध्यापकही तसेच बोलले. हे मराठीत कसे सांगाल? लगेच उत्तर आले, “त्यांनीही तोच सूर लावला.” इंग्रजीने शीर घेतली, मराठीने सूर घेतला. विनोदाच्या ‘व्हेन’ला एकाने ‘विनोदाची झाक’ सुचवले. मला ते पसंत आहे.

१३ ऑगस्ट

चतुराचा पंख. व्हरांड्यात मेलेला चतुर सापडला होता. सेलोटेपने चिकटवला, तर बुडबुडे आले आणि काढताना पंख फाटला. उरलेले तीन पंख काचपट्ट्यांच्या जोड्यांमध्ये ठेवून कोपऱ्यांना नेलपॉलिशचे थेंब दिले. भिंगाखाली जाळी पिंपळाच्या जाळीच्या शेजारी ठेवली. जिवंत चतूर कोणी पकडू नये, हे बजावले.

१८ ऑगस्ट

पावसाने दोन दिवस गेले. फळ्याचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका पुठ्ठा, भिंतीला टेकवून ठेवला होता, भिंत पाझरली आणि खालची कड फुगली. ती कड कापून फळा दोन इंच लहान केला. नवा फ्लेक्स आणला, या वेळी दुकानात उभे राहून अक्षर अक्षर वाचले.

मोठ्या मथळ्यात ‘शिरा’ लिहिले होते. पाचवीची मुले धावत आली आणि विचारू लागली की प्रसाद कधी मिळणार. मथळा ‘शीर’ असा एकवचनी केला.

२२ आणि २३ ऑगस्ट

प्रदर्शन. पहिल्या दिवशी गर्दी झडपेच्या मॉडेलपाशी. दोन तासांत एक व्हॉल्व्ह अडकला. सुटे दोन जवळ होते म्हणून निभावले. दगडावर आम्ल टाकायचे काम मी स्वतःकडे ठेवले, चष्मा लावून. काकांनी सांगून ठेवले होते की लागला तर हात आहे. पालक आले तेव्हा दोनदा दाखवला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी तिच्या आजीला घेऊन आली. आजीचे बोट धरून आधी अळूच्या पानावर फिरवले, मग आजीच्याच मनगटावर, मग काळ्या दगडावर. म्हणाली, “आजी, हे तिन्ही व्हेन. पण रक्त फक्त मधल्यात.”

२५ ऑगस्ट

हिशेब. फ्लेक्स दोन ४२०, सनबोर्ड ४८०, सोडा ३५, पातेले ३४०, नळी ५०, व्हॉल्व्ह चार १००, भिंगे दोन १८०, कार्डे, फेव्हिकॉल, टेप आणि रंग २६०, रिक्षा १२०. एकूण १,९८५ रुपये. त्यांतले ५५० निव्वळ माझ्या चुकांचे. शाळेने १,००० दिले. वेळ सुमारे साठ तास, त्यांतले पंधरा तरी झडपेवर आणि पातेल्यावर गेले.

ऐरोलीच्या एका शाळेतल्या बाईंनी फळा गणपतीनंतर मागितला आहे. त्यांच्यासाठी: पिंपळाच्या जाळ्या वहीत वेगळ्या दिल्या आहेत, फळ्यावर लावून नेऊ नका, बसमध्ये मोडतील. व्हॉल्व्ह आदल्या रात्री भिजत घाला. अळूचे पान त्याच सकाळी घ्या आणि देठ पाण्यात ठेवा. दुपारी ते मलूल होते आणि मग शिरा बोटाला लागत नाहीत.